केक चालला, मग ऑम्लेट का नाही?

वाचकाचं पत्र (ओळख पुसून, थोडक्यात)

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. अकरा महिन्यांचा असताना त्याला पहिल्यांदा दोन चमचे भुर्जी भरवली. दहा-पंधरा मिनिटांत तोंडाभोवती लाल झालं, पोटावर पित्त उठलं आणि एक उलटी झाली. श्वासाला त्रास झाला नाही. तपासणीत अंड्याची अ‍ॅलर्जी निघाली आणि तेव्हापासून त्याला अंडं बंद आहे. दोन महिन्यांपूर्वी नणंदेच्या मुलीच्या वाढदिवसाला त्याने मावा केकचा चांगला मोठा तुकडा खाल्ला. खाऊन झाल्यावर नणंद म्हणाली, त्यात अंडं होतं. मी रात्रभर जागी होते, पण त्याला काहीच झालं नाही. हे मी फक्त नवऱ्याला सांगितलं. तो म्हणतो, "गेली अ‍ॅलर्जी, आता ऑम्लेट दे." सासूबाई म्हणतात, "नसता खेळ कशाला? अंड्यावाचून काय अडलंय?" मुलांच्या डॉक्टरांनी गेल्या भेटीत एक कागद लिहून दिला आणि केकपासून सुरुवात करून घरीच हळूहळू अंडं वाढवत न्या म्हणाले. मी पतसंस्थेत नोकरी करते, दिवसभर मुलगा सासूबाईंकडे असतो. आमच्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार पाळतात. अंडं शिजतं ते मागच्या पडवीत, वेगळ्या शेगडीवर. महिनाभरात श्रावण लागेल. आणि हो, थंडीत सर्दी झाली की त्याची छाती भरते, तेव्हा गावातले दुसरे डॉक्टर पंप देतात. काय करू? सुरू करू, की अ‍ॅलर्जी आपोआप जाईल तोवर थांबू?
(एक आई, सांगली जिल्हा)

उत्तर

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही 'आणि हो' म्हणून शेवटी टाकली आहे. पंपाची. कागद लिहून देणारे डॉक्टर वेगळे आणि पंप देणारे वेगळे. कागद देणाऱ्यांना पंपाचं माहीत आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज, नसावं. त्यांना मावा केकचंही माहीत नाही, कारण ते तुम्ही फक्त नवऱ्याला सांगितलंय. म्हणजे ज्या दोन गोष्टींवर निर्णय फिरू शकतो, त्या दोन्ही निर्णय घेणाऱ्या माणसापर्यंत पोचलेल्याच नाहीत.

तेव्हा माझं उत्तर आधी सांगते: आज लगेच सुरू करू नका. पण सगळं सोडून वाट बघत बसा, असंही मी म्हणणार नाही. मधे एक भेट हवी आहे.

खाण्याच्या अ‍ॅलर्जीत जीवावर बेततं ते बहुतेक वेळा श्वासामुळे. ज्या मुलाचा दमा आटोक्यात नाही, त्याला तीच प्रतिक्रिया जड जाऊ शकते. म्हणून घरच्या घरी अंडं सुरू करण्याची मुभा देताना डॉक्टर पहिल्यांदा छातीचं विचारतात. सर्दीत छाती भरणं म्हणजे दमाच, असं नव्हे. लहान मुलांत विषाणूमुळे नुसती घरघरही होते. ते ठरवायचं काम डॉक्टरांचं. तुमचं काम इतकंच, की पंपाचा डबा, गावातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि गेल्या थंडीत पंप साधारण किती वेळा लागला याचा अंदाज, असं सगळं घेऊन कागद देणाऱ्या डॉक्टरांकडे जायचं. ते म्हणाले चालेल, तर घरी. नाही म्हणाले, तर पहिला घास त्यांच्यासमोर, दवाखान्यात. त्यात कमीपणा काही नाही, उलट एका सकाळीत बऱ्याच शंका फिटतात.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. 'देऊ की थांबू' असं तुम्ही विचारलंय. पण अंडं देणं तर सुरू झालेलंच आहे. तुम्ही दिलं नाही, वाढदिवसाने दिलं. लग्न, मुंज, बारसं, शाळेतला वाढदिवस, एसटी स्टँडवरची बेकरी, हे सगळं तुमच्या मुलाच्या आयुष्यात येणारच आहे. म्हणून खरा प्रश्न असा, की अंडं त्याच्या पोटात नकळत जाऊ द्यायचं, की मोजून-मापून, हिशेब ठेवून द्यायचं. तुमच्या डॉक्टरांचा कागद दुसऱ्या वाटेचा आहे, आणि माझा कौलही तिलाच आहे.

नवऱ्याचं म्हणणंही तपासून पाहू. केक पचला म्हणजे अ‍ॅलर्जी गेली, हे तर्काला धरून वाटतं, पण तसं नसतं. अंड्याच्या पांढऱ्यात जी प्रथिनं अ‍ॅलर्जी देतात, त्यातली दोन मुख्य. एक ओव्हाल्ब्युमिन, ते उष्णतेने मोडतं. दुसरं ओव्होम्युकॉइड, ते चिवट, उष्णतेला सहज दाद देत नाही. केक भट्टीत साधारण १८० अंशांवर अर्धा तास राहतो, आणि त्यातलं अंडं मैद्यात पुरतं मिसळलेलं असतं. उष्णतेने प्रथिनांची घडी उलगडते आणि उरलंसुरलं मैद्याच्या जाळ्यात अडकून पडतं. मग शरीराची पहारेकरी यंत्रणा त्याला ओळखत नाही, निदान तितक्या जोरात ओळखत नाही. अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांपैकी साधारण दोन तृतीयांश मुलांना असं नीट भाजलेलं अंडं चालतं, असं वेगवेगळ्या देशांतल्या तपासण्यांत दिसलं आहे. त्याच मुलांना भुर्जी मात्र चालेलच असं नाही. भुर्जी तव्यावर दोन-तीन मिनिटं असते, मैदा नाही, आणि एका घासात अंडं किती! तुमच्या मुलाचा केक बहुधा या कारणामुळे पचला. ऑम्लेट ही त्याच्यापासून तीन पायऱ्या लांबची गोष्ट आहे, आणि नवरा एकदम तिथेच उडी मारायला सांगतोय.

'बहुधा' म्हणाले, कारण एक शंका राहते. आता कितीतरी बेकऱ्या मावा केकही बिनअंड्याचा करतात. नणंदेने पाकीट वाचून सांगितलं, की मावा केक म्हणजे अंडं असणारच असं धरून? बेकरीत फोन करून विचारा. अंडं होतं असं कळलं, तर तुमच्या हातात मोलाची माहिती आली. नसेल, तर तुम्ही अजून शून्यावर आहात. एवढ्या एका फोनवर डॉक्टरांचं पुढचं ठरणं बदलू शकतं.

'आपोआप जाईल' हेही खोटं नाही. बहुतेक मुलांची अंड्याची अ‍ॅलर्जी वाढत्या वयात जाते, बऱ्याच जणांची शाळेच्या पहिल्या काही वर्षांत. भाजलेलं अंडं ज्यांना चालतं, त्यांची जायची शक्यता जास्त आणि जातेही लवकर. ते नियमित खाल्ल्यामुळे जाते, की ज्यांची जाणारच होती त्यांनाच ते चालतं, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. पण आयर्लंड, ब्रिटन, कॅनडा इथल्या अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांनी पायरीपायरीने अंडं देण्याची पद्धत गेल्या काही वर्षांत रुळवली आहे. ब्रिटनमधल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत ज्यांची प्रतिक्रिया सौम्य होती अशा लहान मुलांना हे घरी करायला मोकळीक दिली आहे. तुमच्या मुलाची पहिली प्रतिक्रिया सौम्य गटात बसते. छातीचा प्रश्न सुटला, तर तो या वाटेला योग्य आहे.

इतर वाचकांसाठी इथे थांबून सांगते, कारण हे सदर वाचून कुणी उद्याच केक करायला घेतील. ज्या मुलाला अंड्यामुळे श्वासाला त्रास झाला, आवाज बसला, मूल गळून पडलं किंवा शुद्ध हरपली, त्याच्यासाठी घर ही जागा नाही. अंडं खाल्ल्यावर एक ते चार तासांनी ज्याला उलट्यांवर उलट्या होतात आणि जे पांढरं पडून मलूल होतं, त्याचा प्रकारच वेगळा आहे. अंगावर एक पुळी उठत नाही, म्हणून घरच्यांना ती अ‍ॅलर्जी वाटत नाही. त्यालाही घरी देऊ नका. सगळ्या अंगभर इसब असलेलं तान्हं बाळ, किंवा ज्याला अंडं अगदी चिमूटभर गेलं तरी मोठा त्रास झाला ते मूल, यांनाही आधी तज्ज्ञ. आणि तपासणीचा आकडा मोठा म्हणजे त्रास मोठा, हा समज सोडा. हातावर थेंब टाकून करतात ती चाचणी किंवा रक्तातली आयजीई (अ‍ॅलर्जीची प्रतिपिंडं) मोजणारी तपासणी, दोन्हींतून शरीर अंड्याला ओळखतं का ते कळतं. प्रतिक्रिया केवढी येईल, ते त्यातून सांगता येत नाही. शंभर पदार्थांची यादी देणाऱ्या आयजीजी या वेगळ्या प्रतिपिंडांच्या महागड्या तपासण्यांवर तर पैसे घालवूच नका. त्या यादीवरून मुलांचं दूध, गहू, शेंगदाणे सगळं बंद करून टाकणारी घरं असतात. मूल वाळतं आणि हाती काही लागत नाही.

आता स्वयंपाकघरात येऊ. मी आहारतज्ज्ञ, माझा जीव तिथेच रमतो.

परदेशी तक्त्यांत पहिली पायरी म्हणून अंड्याची बिस्किटं लिहिलेली असतात. आपल्याकडे तिथेच गाडी अडते, कारण आपली बहुतेक बिस्किटं बिनअंड्याचीच. नानखटाई, खारी, टोस्ट, पाव यांतही सहसा अंडं नसतं. म्हणून "टोस्ट खातो की तो, मग अंडं चालतंच" असं कुणी म्हटलं, तर त्याला अर्थ नाही. उलट पॅटिसवर किंवा गोड बनवर जी चकाकी दिसते, ती काही बेकऱ्या वरून अंडं फिरवून आणतात, आणि सुट्या मालावर लेबल नसतं. पाकिटावर हिरवी खूण म्हणजे घटकांत अंडं नाही. आपल्याकडच्या नियमात अंडं घातलेल्या पदार्थाला मांसाहारी खूण लागते. शिवाय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल-नियमांप्रमाणे अंडं असल्याचा अ‍ॅलर्जीचा इशारा वेगळा छापावा लागतो. ती बारीक ओळ वाचायची सवय लावून घ्या. नुसत्या खुणेवर जाऊ नका, कारण एकाच कारखान्यात दोन्ही माल होत असेल तर ते त्या ओळीतच कळतं.

तर पहिली पायरी घरच्या केकचीच. मोठा केक करू नका, कपकेक करा, म्हणजे प्रत्येकात किती अंडं गेलं त्याचा हिशेब राहतो. एक अंडं, साधारण १२० ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम साखर, पाव वाटी तेल, चमचाभर बेकिंग पावडर आणि पीठ सैल होण्यापुरतं दूध. अंडं आधी एकट्यानेच भरपूर फेटा, कुठे पांढरी तार राहता कामा नये, मग बाकीचं मिसळा. याचे दहा छोटे कप होतात. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे एका कपात अंड्याचा दहावा भाग, अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त. ओटीजीत (विजेच्या छोट्या भट्टीत) १८० अंशांवर भाजा, वेळ तुमच्या डॉक्टरांच्या कागदावर असेल तोच, सहसा अर्ध्या तासाच्या घरात. चवीला थोडे कोरडे होतील, होऊ द्या. एक कप मधून मोडून बघा. आत ओलसर, चिकट दिसलं तर तो घाणा मुलाचा नाही, तुमचा.

कुकरमध्ये वाळू किंवा मीठ घालून केक करणाऱ्या घरांचं मला कौतुक आहे, पण या कामाला तो नको. आच कुठे किती लागते ते कळत नाही आणि मधला भाग बरेचदा वाफेवर शिजल्यासारखा राहतो. मायक्रोव्हेवमधला दोन मिनिटांचा मग-केक तर नकोच नको. मैद्याऐवजी नाचणी किंवा ज्वारी घालून 'पौष्टिक' करायचा मोहही आवरा, गव्हाचा तो चिकटपणाच इथे कामाचा आहे. गावठी अंडं चालेल का, असं बऱ्याच जणी विचारतात. अ‍ॅलर्जीच्या दृष्टीने गावठी, पोल्ट्रीचं, बदकाचं, बटेराचं, सगळी एकाच माळेची. नुसता पिवळा बलक द्यावा का? तोही नको, घरी पांढरं त्यापासून पुरतं सुटत नाही. चिकन मात्र बहुतेक मुलांना बाधत नाही. पूर्वी खात असेल, तर बंद करू नका.

किती द्यायचं, ते डॉक्टरांच्या कागदाबरहुकूम. सर्वसाधारण रीत अशी, की पहिल्यांदा हरभऱ्याएवढा तुकडा, काही दिवस तेवढाच, मग बोटाच्या पेराएवढा, मग पाव कप, असं करत काही आठवड्यांत एक पूर्ण कप. सकाळी द्या, मूल ताजंतवानं असताना, घरात दोन मोठी माणसं असताना. नंतर दोन तास तो डोळ्यांसमोर असावा. लगेच झोपवू नका, अंगणात पळापळीलाही सोडू नका, व्यायामाने प्रतिक्रिया वाढू शकते. ताप, जुलाब, सर्दी, छातीत घरघर यांतलं काही असेल, तर त्या दिवशी नाही. दात पडला, तोंड आलं तरी नाही.

एक बारीक गोष्ट सांगते. साडेतीन वर्षांच्या मुलाला 'तोंडात खाजतंय' असं सांगता येत नाही. तो म्हणतो, "तिखट आहे." गोड केक खाऊन कुणी तिखट म्हणालं, जीभ बाहेर काढून हाताने पुसायला लागलं, घसा खाकरू लागलं, तर तो हट्ट समजून दुसरा घास कोंबू नका. थांबा, पाणी द्या, बघत राहा. अशी मुलं काही वेळा अंड्याच्या वासालाही तोंड फिरवतात. जबरदस्ती करायची नाही, दुसऱ्या दिवशी बघू.

आता श्रावणाचं. कागद देणाऱ्या डॉक्टरांना हा प्रश्न सुचला नसेल, पण तुमच्या घरात खरा प्रश्न हाच आहे. ही पद्धत नियमितपणावर चालते. एकदा एक प्रमाण पचलं की ते आठवड्यातून दोन-तीनदा तरी पोटात जात राहायला हवं, मोठा खंड पडला की पुन्हा पहिल्यासारखं पचेल याची खात्री देता येत नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार सोडले तरी मंगळवार, बुधवार, शुक्रवार, रविवार उरतात. चार दिवस! वार आडवे येत नाहीत. श्रावण येतो.

आणि आपल्याकडे सोयीचा महिना शोधत बसलात, तर तो सापडणार नाही. श्रावण संपला की गणपती, मग पितृपक्ष, नवरात्र, पुढे मार्गशीर्षातले गुरुवार, आणि तोवर थंडी लागून याची छाती भरलेली. म्हणून मला दोनच मार्ग दिसतात. डॉक्टरांची भेट, बेकरीला फोन, छातीचं निदान, औषधं हाताशी ठेवणं, ही तयारी श्रावणात उरकायची आणि श्रावण संपला की सुरू करायचं. किंवा डॉक्टरांनी लगेच हो म्हटलं, तर सासूबाईंशी बोलून श्रावणातही चालू ठेवायचं. तुमच्या जागी मी पहिला मार्ग धरेन. पुढच्या नवरात्रात मात्र खंड नको, त्याचं आजच बोलून घ्या. काही कारणाने दोन आठवड्यांहून मोठा खंड पडलाच, तर सोडलं तिथून पुढे जायचं नाही. डॉक्टरांना विचारून कमी प्रमाणापासून धरायचं.

सासूबाईंना तुम्ही पत्रात विरोधी बाकावर बसवलंय. मला तसं वाटत नाही. "अंड्यावाचून काय अडलंय?" हा चांगला प्रश्न आहे. ज्या घरात अंडं कुणीच खात नाही, त्या घराला ही पायऱ्यांची चढाई करण्याची सक्ती नाही, प्रथिनं डाळी, दूध, उसळींतून मिळतात. तुमच्याकडे अंडं खाल्लं जातं, आणि बाहेरचा केक चुकत नाही, म्हणून अडलंय. हे त्यांना एवढ्याच शब्दांत सांगा. त्या वार पाळतात, पडवीतल्या शेगडीची सोय त्यांनीच चालवून घेतली आहे. औषधाला म्हणून दिलेली सवलत बऱ्याच घरांतल्या ज्येष्ठ बायका सहज देतात, फक्त त्यांना विचारावं लागतं. कपकेक आधी करून डीप फ्रीझरमध्ये महिनाभर राहतात, तेव्हा रोज अंडं फोडायची गरज नाही. डबा वेगळा, त्यावर नाव लिहिलेलं, खाणं पडवीत.

आणि त्यांच्यापासून हे लपवायचं नाही, याला माझं दुसरं कारण आहे. दिवसभर मुलगा त्यांच्याजवळ असतो. तुम्ही सकाळी तुकडा भरवून पतसंस्थेत गेलात आणि तासाभराने त्याच्या अंगावर काही उठलं, तर पहिलं पाऊल त्यांना उचलायचंय. त्यांना माहीतच नसेल, तर त्या आमसुलाचं पाणी लावत बसतील. पित्ताच्या गांधींवर ते लावायला माझी हरकत नाही, पण वेळ त्यात जाऊ नये. म्हणून नवीन किंवा वाढीव प्रमाण तुमच्या सुट्टीच्या दिवशीच द्या, म्हणजे सहसा रविवारी. मधल्या दिवशी फक्त पचलेलं, जुनं प्रमाण.

त्यांना आणि नवऱ्याला, दोघांना एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या आणि तो फ्रीजवर लावा. नुसतं पित्त, खाज, ओठाला किंचित सूज, एखादी उलटी: डॉक्टरांनी लिहून दिलेलं अ‍ॅलर्जीचं औषध द्यायचं, पुढचा घास बंद, दोन तास लक्ष, डॉक्टरांना फोन, आणि पुढच्या वेळी खालची पायरी. सततचा खोकला, आवाज घोगरा होणं, छातीत घरघर, जीभ सुजणं, मूल पांढरं पडणं, मलूल होणं, पेंग येणं: यांतलं एकही दिसलं तर अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन, मांडीच्या मधल्या भागात बाहेरच्या बाजूला, आणि १०८ ला फोन. मुलाला आडवं ठेवायचं, धाप लागली असेल तर टेकून बसवायचं. उचलून उभं करायचं नाही, चालवायचं नाही. अ‍ॅलर्जीचं सिरप किंवा पंप या वेळी इंजेक्शनची जागा घेत नाहीत. परदेशात मिळतात तशी आपोआप टोचणारी पेनं आपल्याकडे प्रत्येक दुकानात मिळत नाहीत. तेव्हा तुमच्या मुलाला इंजेक्शन घरी ठेवायची गरज आहे का, असेल तर कोणत्या स्वरूपात, ते कसं द्यायचं, हे त्या भेटीत विचारा आणि हाताने करून दाखवायला सांगा. जवळचा रुग्णवाहिका असलेला दवाखाना किती मिनिटांवर आहे, तेही त्यांना सांगा. घरी करायचं की नाही, हे ठरवताना याला महत्त्व आहे.

पुढच्या पायऱ्यांची घाई नको. पूर्ण कप काही महिने सहज चालू लागला, की डॉक्टरांना विचारून तव्यावरचं, पण पिठात मिसळलेलं अंडं येतं, अंडं घातलेलं जाडसर धिरडं म्हणा. मग कडक उकडलेलं, मग दोन्ही बाजूंनी नीट भाजलेलं ऑम्लेट, आणि भुर्जी. हाफ फ्रायचा विचार फार पुढचा. परदेशी तक्त्यात सगळ्यात वर कच्चं अंडं, मेयोनेज असतं. ती पायरी मी गाळेन. कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर जंतुसंसर्गाच्या भीतीने तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये वर्षभराची बंदी घातली होती. धडधाकट मुलालाही ते द्यावं असं मला वाटत नाही. आणि मूल केकवरच थांबलं, वर सरकलं नाही, तरी काही बिघडलं असं समजू नका. वाढदिवसांची भीती गेली, तुमची झोप परत आली, हे पुष्कळ झालं.

लसींबद्दल दोन ओळी, कारण या विषयावर पत्रं येतातच. अंड्याची अ‍ॅलर्जी म्हणून गोवर-गालगुंड-रुबेलाची लस अडवू नका, ती सुरक्षित आहे. फ्लूची लसही बहुतेक सगळ्या मुलांना देता येते, आणि तुमच्या मुलासारख्या छाती भरणाऱ्याला तर ती विचारून घ्याच. पिवळ्या तापाची लस मात्र प्रवासासाठी लागली, तर डॉक्टरांना अ‍ॅलर्जीचं आधी सांगा. आणि ज्यांच्या घरात दुसरं बाळ येणार आहे त्यांनी, मोठ्याला अ‍ॅलर्जी आहे म्हणून धाकट्याला अंडं लांबवू नये. सहा महिन्यांच्या आसपास वरचं खाणं सुरू झालं की नीट शिजवलेलं अंडंही डॉक्टरांशी बोलून सुरू करावं. उशीर करून अ‍ॅलर्जी टळत नाही, उलट ती वाढण्याची शक्यता असते.

तुमच्या मुलाला पुढच्या जूनमध्ये शाळेत घालाल. जिल्हा परिषदेच्या शाळांत पोषण आहारात अंडं देण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२३ मध्ये झाला, पुढे जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवला, पण लोकसहभागातून देणाऱ्या शाळा असू शकतात. अंगणवाडीत आणि शाळेत बाईंना अ‍ॅलर्जीचं लेखी द्या आणि अंड्याच्या दिवशी त्याला केळं मिळेल असं ठरवून घ्या. घरचा तो कपकेक मात्र, कितीही पचत असला तरी, डब्यात देऊ नका. तो त्याने किती खाल्ला, मित्राला किती दिला, मित्राच्या डब्यातलं काय घेतलं आणि नंतर मैदानावर किती पळाला, यांतलं काहीच तुम्हाला कळणार नाही.